रहाडीचे झाकण

जुन्या नाशकातल्या तिवंधा चौकातून जाणाऱ्या एखाद्या परगावच्या पाहुण्याला जर कोणी सांगितले, की 'महाराज, आपण या घटकेला एका मोठ्या रंगाच्या हौदावरून चालला आहात,' तर पाहुणा ती थट्टाच समजेल. पायांखाली साधा रस्ता असतो. भाजीची गाडी उभी असते, एखादी गाय रवंथ करीत असते, शाळेतली पोरे दप्तरे हिंदळीत जात असतात. हौदाचा मागमूसही नसतो. पण फाल्गुन वद्य पंचमी जवळ आली, की त्याच जागेची माती उकरतात, खालची लाकडे एकेक करून बाहेर काढतात आणि वर्षभर झाकून ठेवलेली रहाड उघडते.

रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला दगडी हौद, चांगला आठ-दहा फूट खोल. पेशवेकाळापासून ही प्रथा चालत आली, असे नाशिककर सांगतात. बाकीचा मुलूख धुळवडीला रंगतो, नाशिक मात्र रंगपंचमीची वाट पाहते. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंध्याची पिवळी, शनी चौकाची गुलाबी, दिल्ली दरवाजाकडची केशरी. फुले मोठमोठ्या कढयांत उकळून रंग तयार करायचा, मानकऱ्यांच्या हातून पूजा व्हायची आणि मग जो तो काठावरून धप्पकन उडी टाकायचा. या उडीला आमच्याकडे 'धप्पा' म्हणतात. सावकार आणि त्याचे कूळ, मास्तर आणि नापास विद्यार्थी, सगळे एकाच रंगाचे होऊन बाहेर यायचे. अंगावरून माणूस ओळखू येत नसे. आवाजावरून ओळखावा लागे.

आणि दुसरे दिवशी? या प्रश्नाकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. सण आटोपला, की रहाड पुन्हा लाकडांनी झाकतात, वर माती लोटतात आणि पुढच्या पंचमीपर्यंत गाव तिच्यावरून निर्धास्तपणे चालू लागते. मला स्वतःला हल्ली रहाडीच्या रंगापेक्षा तिच्या या झाकणाचेच अप्रूप अधिक वाटू लागले आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमच्या गावी रंग म्हणजे नुसता आनंदीआनंद होता, असे मात्र वाचकांनी समजू नये. रहाडीत उड्या मारणारे बहुतेक पुरुषच असत, बायका माडीच्या खिडकीतून पाहत. आणि त्या खिडकीच्याही मागे, माजघराच्या अंधारात, आजोबांची थोरली बहीण बसलेली मला आठवते. तिच्या अंगावर अलवण होते. आजच्या मुलींना हा शब्दसुद्धा ठाऊक नसेल. ब्राह्मणांच्या घरांतील केशवपन केलेल्या विधवांना जे तांबडे जाडेभरडे वस्त्र नेसावे लागे, ते अलवण. तांबडा रंग तोच. कुंकवाचा मंगल, आणि अलवणाचा म्हणजे जन्माची शिक्षा. बाईने कोणता रंग नेसावा, कोणता नेसू नये, हे तिच्या मनावर नव्हते. तिच्या नशिबाला जे येईल त्यावरून गाव ते ठरवीत असे. रंग ही जशी मौजेची गोष्ट होती, तशी ती हुकुमाचीही होती.

हा हुकूम किती चिवट असतो पाहा. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा केवढा गहजब झाला होता. त्यानंतर जवळजवळ १३० वर्षांनी, २०२२ च्या मे महिन्यात, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेला कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला. ठराव करावा लागला, याचा अर्थ प्रथा तोवर जिवंत होत्या. असो.

रंगाचा दुसरा मोठा प्रवेश आमच्या घरांत झाला तो भिंतीवरून. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. दगडावर चित्र काढून, एकेका रंगासाठी निराळा दगड वापरून छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी तेथून घरोघर गेल्या. तोवर देवीचे असे रंगीत दर्शन देवळात किंवा श्रीमंताच्या दिवाणखान्यात व्हायचे. ते आता गरिबाच्या ओसरीवर होऊ लागले. यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भिंतीवरची लक्ष्मी सगळ्यांच्या घरी एकच होती. शेजारणीची लक्ष्मी आपल्या लक्ष्मीहून गोरी नव्हती, तिचे लुगडे अधिक भारी नव्हते. तसबिरीकडे पाहून कोणी हात जोडी, कोणी दिवा लावी, पण 'हिचे माझ्यापेक्षा बरे चालले आहे' असे म्हणून कोणी उसासा टाकीत नसे.

रविवर्म्यांच्या या छापखान्याशी आमच्या जिल्ह्याचा एक माणूस जोडलेला होता. धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. फाळक्यांना आज सारे जग बोलपटाच्या आधीच्या मूक चित्रपटामुळे ओळखते, परंतु त्यांचा पहिला ध्यास रंगीत छपाईचा होता. त्यासाठी ते १९०९ साली जर्मनीस जाऊन आले होते. मौज अशी, की रंगाची विद्या शिकून आलेल्या या माणसाने १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आणला, तो काळ्या-पांढऱ्यात! त्याच साली त्यांनी आपला संसार आणि कारखाना नाशिकला हलवला. पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुण्यापासून सगळ्या कामांत त्यांच्या बरोबरीने राबत. हरिश्चंद्राच्या त्या चित्रांत रंग नव्हता म्हणून लोकांनी पाठ फिरवली काय? मुळीच नाही. शेकडो माणसे अंधारात खांद्याला खांदा लावून बसली, एकदम हसली, एकदम रडली आणि खेळ संपल्यावर उठून घरी गेली. रहाडीप्रमाणे तेथेही आरंभ होता, गर्दी होती आणि शेवट होता. फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच वारले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आज त्यांचे स्मारक आहे.

आता अलीकडे येऊ. या शतकाच्या पहिल्या दशकात 'महाराष्ट्र टाइम्स' या दैनिकाने एक टूम काढली. नवरात्राच्या नऊ दिवसांना नऊ रंग वाटून दिले आणि त्या त्या रंगाच्या साड्या नेसलेल्या बायकांची छायाचित्रे छापण्यास आरंभ केला. यामागे धर्मशास्त्राचा आधार शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. हिशेब बहुतेक वारांचा असतो. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, रविवारी केशरी, आणि उरलेल्या दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांपैकी काहीतरी. परंतु टूम अशी काही रुजली, की दहा-पंधरा वर्षांत ती परंपराच होऊन बसली. नाशकात कालिकेच्या यात्रेला जाणाऱ्या गर्दीकडे पाहावे, की वार विचारायला नको. बँकेतील कारकून, इस्पितळातील परिचारिका, शाळेतील बाई, भांडी घासायला येणारी मावशी, सगळ्या एका दिवशी एका रंगात. मला तर यात रहाडच दिसली. फरक इतकाच, की या वेळी उडी बायकांनी मारली होती.

आणि या रहाडीत माझी आत्याही उतरली, त्याची ही हकीकत.

आत्याला वैधव्य आले १९७० नंतरच्या काळात, ऐन पस्तिशीत. अलवणाचे दिवस केव्हाच मागे पडले होते. तिला कोणी काही बोलले नाही. पण फिक्या रंगाची दोन पातळे कोणीतरी आणून दिली आणि ती तिने मुकाट्याने नेसली. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे तिची कपाटातली घडी राखाडी, बदामी, फिकट निळ्या रंगांपलीकडे गेली नाही. पुढे नातवाने तिला फोन घेऊन दिला आणि घरातल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप गटात तिचे नाव घातले. तेथे नवरात्रात रोज लेकीसुनांच्या रंगीत साड्यांची चित्रे येत. ती चष्मा लावून एकेक चित्र पाही. दोन-तीन वर्षे तिने नुसते पाहिले. २०२४ च्या नवरात्रात दुसऱ्या माळेला शुक्रवार होता, म्हणजे हिरवा. हिरवा रंग आपल्याकडे सवाष्णीचा, चुड्याचा, ओटीचा. त्या सकाळी आत्याने शेजारच्या मुलीकडून हिरवी साडी मागून आणली, नेसली, तिच्याकडूनच छायाचित्र काढून घेतले आणि गटात धाडले.

त्या चित्राकडे कोणाचे लक्षच गेले नाही. त्या एका सकाळी गटात पन्नास-साठ चित्रे आली होती. जो तो अंगठ्याने वर सरकवीत पुढे गेला. तरुण मुलींच्या चित्रांखाली तांबडी बदामे उमटत होती, आत्याच्या चित्राखाली काही नव्हते. व्हॉट्सॲपमध्ये गटातल्या सगळ्यांनी निरोप पाहिला, म्हणजे त्याच्या बाजूच्या दोन खुणा निळ्या होतात. शनिवारी दुपारी त्या निळ्या झाल्या. आत्याला याचा अर्थ ठाऊक होता. सर्वांनी पाहिले, आणि सर्व जण गप्प राहिले! तिने फोन उशीखाली ठेवून दिला आणि शनिवारचा करडा रंग काही निराळा नेसावा लागला नाही. रोजचेच पातळ पुरले.

चार दिवसांनी मी भेटायला गेलो, तेव्हा ती सहज बोलावे तशी म्हणाली, "मला हिरवं शोभत नाही रे. सगळ्यांनी पाहिलं ना, कोणी काही म्हटलं नाही." मी चरकलो. माजघरातली ती जुनी आजी मला आठवली. तिला निदान कोणी हुकूम केला होता, त्या हुकुमाशी भांडता तरी आले असते. येथे कोणीच काही म्हटले नव्हते. आमच्यापैकी एकाच्याही मनात आत्याच्या हिरव्या साडीविषयी वावगे नव्हते. मी स्वतः ते चित्र पाहिले होते, आणि पुढे सरकवले होते! तरीही जुना निवाडा तिच्यापर्यंत नेमका पोहोचला होता.

त्या दिवसापासून या रंगांचा शोध घेण्याचा मला छंद लागला. फेसबुक निळे का? तर त्याच्या जनकाला, मार्क झुकरबर्ग यांना, लाल आणि हिरवा हे रंग नीट वेगळे ओळखता येत नाहीत, निळा मात्र उत्तम दिसतो. ही गोष्ट २०१० साली प्रसिद्ध झाली. म्हणजे एका माणसाच्या डोळ्याचा गुण साऱ्या जगाच्या डोळ्यांपुढे येऊन बसला. फेसबुकवर पसंतीचा अंगठा आला २००९ साली. व्हॉट्सॲपच्या खुणा निळ्या होऊ लागल्या २०१४ च्या नोव्हेंबरात. ट्विटरने चांदणी काढून तांबडे बदाम बसवले २०१५ साली, आणि इन्स्टाग्रामने आपले तपकिरी चिन्ह टाकून जांभळ्या-केशरी छटांचे चिन्ह घेतले २०१६ साली. नवा निरोप आल्याचा तांबडा ठिपका तर सर्वांच्या परिचयाचा आहे. तांबड्याकडे डोळा आपोआप वळतो, हे आमच्या कुंकू लावणाऱ्या आयाबायांनाही ठाऊक होते आणि रस्त्यावरचा दिवा उभारणाऱ्यालाही ठाऊक आहे.

रहाडीत काय कालवले आहे, हे रंग उकळणाऱ्याला विचारता येई. तो चौकातच उभा असे, आणि बहुधा आपलाच शेजारी असे. फोनमधला रंग कोण कालवतो? २०१२ साली फेसबुकने जवळजवळ ६ लाख ८९ हजार माणसांना एक आठवडाभर मुद्दाम कमी आनंदाचा किंवा कमी दुःखाचा मजकूर दाखवून पाहिला. त्यांच्या लिहिण्यावर त्याचा परिणाम होतो का, हे त्यांना तपासायचे होते. परिणाम अगदी बारीक आढळला, पण होता. दोन वर्षांनी हे छापून आले तेव्हा त्या माणसांना कळले, की आपण कोणाच्या तरी कढईत होतो.

उलट, माणसाच्या मनाचा रंग त्याच्या चित्रांत उतरतो काय, हेही विद्वानांनी पाहिले आहे. अमेरिकेतील दोन संशोधकांनी १६६ माणसांची इन्स्टाग्रामवरील सुमारे ४४ हजार छायाचित्रे तपासली आणि २०१७ साली निष्कर्ष छापला. ज्यांना खिन्नतेचा विकार जडला होता त्यांची चित्रे इतरांपेक्षा अधिक निळसर, करडी आणि काळवंडलेली निघाली. चित्राचा रंग बदलण्याची जी आयती सोय असते, तिच्यातूनही ते रंग पुसून काळे-पांढरे करणारी सोय अधिक निवडीत. एवढ्यावरून प्रत्येक करडे चित्र म्हणजे दुःख, असे समजणे वेडेपणाचे होईल. पण आत्याने पन्नास वर्षे कोणते रंग नेसले हे आमच्या डोळ्यांसमोर असूनही आम्ही कधी वाचले नाही, एवढे मात्र मला कबूल केले पाहिजे.

मन खट्टू होते ते कशाने? लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच सांगून ठेवले आहे, की मोजायला दुसरे माप नसले म्हणजे माणूस स्वतःला दुसऱ्या माणसाशी ताडून पाहतो, तेही आपल्यासारख्याच माणसाशी. रविवर्म्याच्या लक्ष्मीशी कोणी बरोबरी करीत नसे, ती देवी होती. मावसबहिणीशी, शाळेतल्या मैत्रिणीशी, जावेशी बरोबरी होते. आणि फोनमध्ये दिवसरात्र त्याच असतात, त्याही सणासुदीच्या वेषात आणि वर रंगाचा हात फिरवून. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवर शेंदराचे थरावर थर चढले होते. २०२२ साली तो लेप उतरवल्यावर खालचे मूळ रूप पाहून भाविकांचे डोळे भरून आले. तो लेप श्रद्धेने चढला होता. आपल्या मुली छायाचित्रावर जो लेप चढवतात तो बहुतेक वेळा धास्तीने, आणि तो उतरवून खालचे रूप पाहण्याची हौस कोणाला असते?

असो. मी वाचले होते, की फोनचा पडदा करडा केला तर माणूस त्यात कमी रमतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे करणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा फोनवरचा वेळ दिवसाला सरासरी ३८ मिनिटांनी घटला होता. मला हा उपाय रामबाण वाटला. आत्याच्या फोनचा रंग मी मोठ्या उत्साहाने काढून टाकला. तिने पडदा पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अरे, पन्नास वर्षं मी असंच जग पाहिलं. आता या फोनलासुद्धा अलवण नेसवतोस काय?"

मी खजील होऊन सगळे रंग परत आणले. तिचे खरेच होते. विद्यार्थ्यांना रंगाचा अतिरेक झाला होता, म्हणून त्यांना करडे मानवले. हिला रंग कधी मिळालाच नव्हता. ती नऊ रंगांची टूम शास्त्रात नसेल, वर्तमानपत्राने खपासाठी काढलेली असेल, पण तिनेच आत्याच्या हाती हिरवी साडी दिली होती. आमच्या कुळाचाराने ती दिली नव्हती. दोष रंगाचा नव्हता आणि चित्र धाडण्याचाही नव्हता. रहाड उघडी होती, ती बिचारी उडी मारून बसली, आणि काठावर कोणीच उभे नव्हते, असा तो प्रकार होता.

म्हणून मला झाकणाचे महत्त्व वाटते. रहाड वर्षातून एकदा उघडते, म्हणून त्या दिवशी सारा गाव तेथे हजर असतो. ती रोज उघडी राहिली असती, तर एखाद-दुसरा रिकामटेकडा तीत डुंबत बसला असता आणि बाकीचे नाक मुरडून गेले असते. फोनच्या रहाडीला झाकणच नाही. २०१८ साली अमेरिकेतील काही अर्थशास्त्रज्ञांनी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला सांगितले होते. दिवसाला सुमारे एक तास मोकळा झाला, त्यातला काही वेळ घरच्यांत आणि मित्रांत गेला, आणि समाधान थोडे वाढले. थोडेच वाढले, फार नव्हे. जगाच्या बातम्याही त्यांना कमी कळल्या. म्हणजे झाकण घातल्याने स्वर्ग खाली उतरत नाही. एक तास मिळतो. त्या तासाचे काय करायचे, हे पुन्हा ज्याचे त्याच्यापाशीच राहते.

आम्ही आमच्यापुरता एक नेम केला. २०२५ च्या नवरात्रात शुक्रवार पाचव्या माळेला होता. त्या दिवशी गटात कोणी चित्र धाडायचे नाही, हिरवे नेसून आत्याच्या घरी जमायचे, असे ठरले. लेकीसुना आल्या, नातसुना आल्या, आमच्यासारखे म्हातारे हिरवे काही न सापडल्याने खिशात विड्याचे पान खोचून आले. आत्याने या खेपेला साडी मागून आणली नव्हती, स्वतः विकत घेतली होती. भावाच्या नातीने तिला काही न बोलता आरशासमोर नेले आणि हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. आत्या म्हणाली, "अगं, लोक काय म्हणतील?" पोरगी म्हणाली, "आजी, लोक इथेच बसलेत. विचारू का?"

सगळे हसले. आत्याही हसली. फराळ झाला, गप्पा झाल्या, संध्याकाळी एकच चित्र काढले, आणि त्यात आम्ही सगळे दाटीवाटीने असल्यामुळे कोणाची साडी भारी आणि कोणाची हलकी हे काही दिसत नाही. ते चित्र कागदावर छापून आत्याने देवघराच्या बाजूला भिंतीवर लावले आहे.

रात्री घरी परतताना मी मुद्दाम तिवंध्यावरून गेलो. रहाड झाकलेली होती. वरून स्कूटरी जात होत्या, आणि पंचमीला अजून अवकाश होता.